जिकडे नजर, तिकडे गाडी

माझी पत्नी रेश्मा करंजी घाटाच्या तोंडाशी माझ्या मोटारसायकलवरून उतरते. हा कुण्या एका दिवशीचा प्रसंग नव्हे. ही आमच्या संसारातली रीत आहे. नगरहून पाथर्डीला, म्हणजे तिच्या माहेरी, निघालो की सावेडीच्या गर्दीतून, मालमोटारींच्या धुरातून, गावोगावच्या गतिरोधकांवरून ती माझ्या मागे निमूट बसून येते. घाटाच्या अलीकडे एक चहाची टपरी लागते. तिथे ती माझ्या खांद्यावर बोटाने टकटक करते. मी थांबतो. ती उतरते, ओढणी सावरते आणि प्रवासी भरत उभ्या असलेल्या छगनच्या काळ्या-पिवळ्या जीपमध्ये अगदी मागे, दाराकडे तोंड करून बसते. मग जीप पुढे आणि मी मागे, अशी आमची मिरवणूक घाट उतरते. सगळा वेळ ती माझ्याकडे आणि मी तिच्याकडे पाहत असतो. वळणावळणाला मागच्या बाकावरचे प्रवासी एकदम पाय वर घेतात. रस्त्याचे धक्के बसत असावेत, असे मी समजत असे. करंजी आली की ती जीपमधून उतरून पुन्हा माझ्या मागे बसते आणि सासरवाडीच्या दारात आम्ही जोडप्याने पोचतो.

ही तडजोड गुप्त राहिली असती तर मी ती आयुष्यभर सोसली असती. दुःख सोसण्याचा मला सराव आहे; मी कविता लिहितो. परंतु छगन पाथर्डीचा, आणि त्याच्या जीपमध्ये चढणारी बातमी प्रवाशांच्या आधी उतरते. गेल्या दिवाळीत सासऱ्यांनी सर्व पाहुण्यांदेखत मला विचारले, "जावईबापू, गाडीत काही बिघाड हाय का? न्हाई, आमच्या वळखीचा मेस्त्री हाय."

"गाडी एकदम चांगली आहे, आबा," रेश्मा स्वयंपाकघरातून म्हणाली.

पाहुण्यांनी बुंदीकडे पाहिले. मी भिंतीकडे पाहिले. माणसाचा संपूर्ण पराभव इतक्या कमी शब्दांत मांडलेला मी आधुनिक कवितेतही पाहिला नव्हता.

त्यात माझी मेहुणी संस्कृती हिचे लग्न ठरले. जूनमधली तिथी धरली. थोरला जावई म्हणून मला पाथर्डीच्या वेशीपासून वाजतगाजत नेणार, असे कळले. त्या वाजंत्र्यांमागून छगनची जीप येणार आणि ती पाहून एखादा मावससासरा पुन्हा मेस्त्रीचे नाव काढणार, हे चित्र माझ्या डोळ्यांसमोरून हलेना. मी रेश्माला म्हटले, "या लग्नाला तू घाटातून माझ्या मागे बसून येशील."

"तुम्ही वळायला शिका," ती म्हणाली, "मी बसायला तयार आहे."

खरे सांगायचे तर मी सरळ रस्त्यावर उत्तम चालवतो. वळणावर मात्र माझे काही बिनसते. मला वाटते, दोष संस्कारांचा आहे. तरुणपणापासून मी अशा कवितांच्या सहवासात वाढलो, ज्यांनी मला एकच शिकवण दिली: दरी दिसली की तिच्यात पाहा. कठड्यापलीकडची ती भुरी पोकळी, तिच्या तळाशी विझत गेलेल्या उन्हाची रेघ, हे सारे दिसू लागले की माझ्यातला कवी जागा होतो आणि हँडल त्याच्या हाती जाते. रेश्माचे म्हणणे असे की कवीकडे परवाना नाही.

मी शिकवतो त्या कनिष्ठ महाविद्यालयाजवळच्या एका दूधसंस्थेच्या प्रयोगशाळेत मोनिका नावाच्या बाई काम करतात. आठवडाभर त्या दुधातले पाणी शोधतात आणि रविवारी भली थोरली मोटारसायकल घेऊन मित्रमंडळींसह हिंडतात. तमिळनाडूतल्या खऱ्याखुऱ्या शर्यतीच्या ट्रॅकवर जाऊन त्यांनी वळण घेण्याचे रीतसर शिक्षण घेतले आहे, असे कळले, म्हणून मी त्यांच्या रविवारच्या गटात सामील झालो. पहिल्याच रविवारी त्यांनी मला एका वळणावर पुढे जायला सांगितले आणि मागून नीट न्याहाळले. मग हेल्मेट काढून म्हणाल्या, "सर, वळताना तुम्ही बघता कुठं?"

"जिथे पाहण्यासारखं असतं तिथे."

"मग गाडी तिथंच जाणार, सर. खड्ड्याकडं बघितलं की खड्ड्यात, दरीकडं बघितलं की दरीत. वळण जिथं संपतं तिथं बघायचं. नजर पुढं, गाडी मागोमाग."

हे विधान मला तत्त्वज्ञानाच्या अंगाने इतके आवडले की पुढच्या वळणावर मी त्यावर विचार करत सरळ कांद्याच्या वावरात गेलो.

गटात रंगनाथ नावाचे एक श्रीगोंद्याकडचे ऊस-बागायतदार होते. त्यांच्याकडे जुनी बुलेट होती आणि तिच्यावर बसले की ते ग्रामदैवतासारखे शांत दिसत. वावरातून माझी गाडी त्यांनीच ओढून काढली. मी त्यांना त्यांची पद्धत विचारली.

"आमचं सोपं हाय, सर. वळन आलं की थांबायचं. खाली उतरायचं. गाडी हातानं वळवायची. परत बसायचं. आजपतुर एकदा बी पडलो न्हाई."

"मग शिकायला कशाला आलात?"

"मागचे लोक लई हॉर्न वाजिवत्यात."

मोनिकांनी घरचा अभ्यास दिला: एखाद्या मोकळ्या वळणावर तीन खुणा ठेवायच्या, सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी, आणि नजर एका खुणेवरून दुसरीवर सरकवत जायची. ट्रॅकवर यासाठी नारिंगी शंकू असतात. माझ्याकडे शंकू नव्हते. संध्याकाळच्या उजेडात उठून दिसेल असा रंग घरात शोधता शोधता मी फ्रिज उघडला आणि मला लिंबे दिसली.

आमच्या कॉलनीच्या कोपऱ्यावर, मोकळ्या प्लॉटजवळच्या तिठ्यावर, मी ती तीन लिंबे मांडली आणि सराव केला. नजर लिंबांवर इतकी एकाग्र झाली की त्यातली दोन चाकाखाली आली. अंधार पडला, मी तृप्त मनाने घरी परतलो आणि खुणा उचलायच्या राहून गेल्या.

दुसऱ्या दिवशी अमावास्या होती. हे मला माहीत नव्हते. समोरच्या केशरबाईंना होते. पहाटे फुले तोडायला निघालेल्या केशरबाईंना तिठ्यावर एक अखंड आणि दोन चिरडलेली लिंबे दिसली, आणि सकाळचा चहा होईपर्यंत आमच्या कॉलनीवर कुणीतरी करणी केल्याची बातमी पार पाण्याच्या टाकीपर्यंत गेली. दूधवाल्याने वाट बदलली. पोरांना शाळेला लांबून पाठवले गेले. एका गृहस्थांची चिघळलेली मूळव्याध आणि दुसऱ्यांची अडलेली बढती यांचा उलगडा एकाच वेळी झाला. संध्याकाळी राधाकृष्ण काकांनी गणपतीच्या देवळासमोर बैठक बोलावली.

राधाकृष्ण काका जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेले आमचे शेजारी. त्यांच्यापाशी स्वतःच्या मालकीचा माइक आहे, आणि तो वापरता यावा म्हणून ते कॉलनीतल्या घटनांची वाट पाहत असतात. "ज्या कुणी हे कृत्य केलं असेल," ते माइकवर म्हणाले, "त्यानं समोर यावं. आम्ही त्याला सन्मानानं वागवू."

मी आकाशाकडे पाहिले. शुक्राची चांदणी फार सुंदर दिसत होती.

"काका," रेश्मा मागून म्हणाली, "लिंबं आमच्या फ्रिजमधली आहेत. ह्यांना गाडी वळवायला शिकायचंय."

त्यासरशी मला माझ्या शिक्षणाची, माझ्या पदव्यांची आणि नियतकालिकांत छापून आलेल्या माझ्या कवितांची एकेक पान गळून पडल्याचा आवाज ऐकू आला.

"अगं पण त्याला लिंबं कशाला?" केशरबाई म्हणाल्या. "हात दाखवायचा अन् वळायचं!"

झाले. भीती ओसरली आणि तिच्या जागी सल्ला आला. करणीपेक्षा तो अधिक चिवट निघाला. त्याला उतारा नव्हता. कुणी म्हणाले, वळणावर गाडी बंद करून उताराने सोडा. कुणी म्हणाले, चारचाकी घ्या, ती आपोआप वळते. केशरबाईंनी मढीच्या कानिफनाथाला नारळ बोलायला सांगितले, "वाटेतच आहे, वेगळं पेट्रोलही लागणार नाही." राधाकृष्ण काकांनी मला बाजूला घेऊन सांगितले की वळताना मान देवाच्या मूर्तीसारखी ताठ ठेवायची आणि श्वास रोखायचा. काकांनी हयातीत फक्त लुना चालवली होती, आणि तीही बहुतेक हातात धरून.

या सगळ्यावर मोनिकांनी एकच तोडगा काढला: ट्रॅक हवा. मोकळी, डांबरी, रहदारी नसलेली जागा, जिथे एक पूर्ण दिवस फक्त वळायचे. तमिळनाडू लांब. नगरला लागून वाहनांच्या चाचणीचा संरक्षण खात्याचा मार्ग आहे, असे सगळे नगरकर अभिमानाने सांगतात. आत जाऊन पाहिलेला मात्र मला कुणी भेटलेला नाही. "इचारून तर बघू," रंगनाथ म्हणाले. "रणगाड्यांच्या मागं आपला नंबर कधी लागणार?" असे म्हणून मोनिकांनी तो विषय संपवला. तेव्हा रंगनाथांना त्यांच्या साखर कारखान्याचे केनयार्ड आठवले.

गाळप संपलेला कारखाना हे एक विलक्षण दृश्य असते. हिवाळाभर जिथे उसाच्या ट्रॅक्टरांच्या आणि बैलगाड्यांच्या रांगा उभ्या होत्या, ते विस्तीर्ण मैदान मे महिन्याच्या उन्हात रिकाम्या पानासारखे पडलेले असते. धुराडे थंड. हवेत आंबूस गोड वास, आठवणींना असावा तसा. मी ते मैदान पाहिले आणि मला भरून आले. मोनिकांनी पायाने डांबर घासून पाहिले आणि म्हणाल्या, "चालेल. फक्त कोपऱ्यात मळी सांडलेली आहे, तिथं जायचं नाही."

अर्ज मी लिहिला. त्यातल्या एका वाक्यात 'गती आणि गुरुत्व यांच्या सनातन संवादाचा' उल्लेख होता. कारखान्याचे कार्यालयीन अधीक्षक सहादेव यांनी तो अर्ज दोनदा वाचला आणि चष्मा काढला.

"भाषा फार चांगली आहे, सर. पण हे आमच्यात बसत नाही."

"कशात?"

"मैदान तीनच कामांना देता येतं. वार्षिक सभा, सामुदायिक विवाह आणि मेळावा. यातलं तुमचं काय आहे?"

"आम्हाला वळायला शिकायचं आहे."

"मग मेळावा घ्या, आणि त्यात वळा."

हे मला फारच सुटसुटीत वाटले. मेळावा या शब्दाच्या पोटात काय काय असते, हे मला ठाऊक नव्हते. मेळावा म्हटला की स्टेज आले. स्टेज आले की मंडप आला. मंडप आला की उद्घाटक आले, आणि उद्घाटक म्हणजे संचालक आदिनाथराव. त्यांच्या तारखेवर आमची तारीख ठरली. "महिला वर्ग किती येईल?" सहादेवांनी विचारले. मी मोनिकांचे नाव सांगितले. "एका बाईला महिला वर्ग म्हणता येत नाही, सर." तेव्हा मला रेश्माला आमंत्रण द्यावे लागले. वास्तविक मी तिला तयार झाल्यावरच दाखवणार होतो. खरडा कुणी छापून दाखवतो काय? पण तिने छगनला फोन केला आणि केशरबाईंसह कॉलनीतल्या बायकांनी जीप भरली. राधाकृष्ण काका माइक घेऊन पुढच्या सीटवर बसले.

मेळाव्याचे नाव सहादेवांनी दिले: 'भव्य ऊस उत्पादक दुचाकीस्वार वळण मार्गदर्शन मेळावा.' फ्लेक्सवर आदिनाथरावांचा चेहरा बैलगाडीएवढा आणि आमचे चेहरे बैलाच्या डोळ्याएवढे होते. मोनिकांनी छापायला एक सुंदर चित्र दिले होते: ट्रॅकवर गुडघा टेकेल इतकी झुकलेली मोटारसायकल. फ्लेक्सवर ती ताठ उभी होती. छापणाऱ्याला विचारले तर म्हणाला, "पडत होती ना, सर. मी सरळ करून दिली. त्याचे वेगळे पैसे नकोत."

मेळाव्याच्या दिवशी सकाळी मोनिका चामड्याचा काळा पोशाख घालून आल्या आणि त्यांनी चुन्याच्या फक्कीने मैदानावर वळणे आखली. कबड्डीचे मैदान आखावे तशा त्या शुभ्र रेषा उन्हात झळकत होत्या. मात्र दुसऱ्या वळणाच्या जागी रातोरात मंडप उभा राहिला होता. मंडपवाल्याला डांबर तिथेच सपाट वाटले होते. वळण त्याला वळसा घालून पुन्हा आखावे लागले. म्हणजे आता आमचा ट्रॅक स्टेज आणि पुढच्या खुर्च्या यांच्या अगदी समोरून जात होता. पुढच्या रांगेत महिला वर्ग बसला. अगदी मध्यावर रेश्मा.

आदिनाथराव जेवणवेळेला आले. त्यानंतर दीपप्रज्वलन झाले, स्वागतगीत झाले, प्रास्ताविक झाले. मोनिकांचा चामड्याचा पोशाख उन्हात तापून करकरू लागला. मग सत्कार सुरू झाले आणि आम्हा सर्व स्वारांना आदिनाथरावांच्या हस्ते भगवे फेटे बांधण्यात आले. भाषणात ते म्हणाले, "वळणं आम्हालाही पुष्कळ आली. पण आम्ही कारखाना कुठं पडू दिला नाही!" टाळ्या झाल्या. रंगनाथ सभासद असल्यामुळे त्यांनी उभे राहून वाजवल्या.

"आता हेल्मेट घाला," मोनिका आम्हाला म्हणाल्या.

सहादेव धावत आले. "फेटा काढायचा नाही हं! साहेबांच्या हातचा आहे. साहेब समोर बसलेत."

"हेल्मेटशिवाय एकही गाडी हलणार नाही," मोनिका म्हणाल्या.

"मॅडम, फेटा उतरवणं म्हणजे..."

"आणि डोकं फुटणं म्हणजे?"

पेच गंभीर होता. एकीकडे मान, दुसरीकडे डोके. आणि आपल्या भागात या दोहोंत कशाला आधी वाचवतात, हे सर्वांना ठाऊक आहे. रंगनाथांनी फेट्यावरूनच हेल्मेट चढवून पाहिले. ते देवळाच्या कळसासारखे वर तरंगत राहिले. राधाकृष्ण काकांनी माइकवरून 'परंपरा आणि आधुनिकता यांचा संगम' असे त्याचे वर्णन केले.

तेव्हा मोनिकांनी जे केले, त्याला मी काव्य म्हणतो. त्या स्टेजवर गेल्या, काकांच्या हातातून माइक घेतला आणि म्हणाल्या, "आता आम्हा स्वारांच्या वतीनं माननीय साहेबांचा सत्कार. शाल-श्रीफळ नेहमीचंच. आम्ही साहेबांना हेल्मेट देतो आणि ते आम्ही आमच्या हातानं घालणार!"

सत्कार नाकारणे हे आदिनाथरावांच्या स्वभावात नव्हते. त्यांनी क्षणभर डोक्यावरचा स्वतःचा फेटा चाचपला, मग स्वतःच्या हाताने तो उतरवून मांडीवर ठेवला आणि मान पुढे केली. हेल्मेट चढले. टाळ्यांचा कडकडाट झाला. पाठोपाठ आमचेही फेटे सन्मानाने उतरले. आदिनाथरावांनी ते हेल्मेट मग काढलेच नाही. काच खाली पडली होती आणि ती उघडते कशी, हे विचारणे त्यांना प्रशस्त वाटले नसावे.

अखेर आम्ही वळलो. पहिल्यांदा मोनिका गेल्या, आणि एखादी ओळ आपसूक दुसऱ्या ओळीत उतरावी तशी त्यांची गाडी एका वळणातून दुसऱ्यात उतरत गेली. मग रंगनाथ निघाले. पहिल्या वळणाशी त्यांचा एक पाय सवयीने खाली आला, पण सबंध मेळावा पाहत असल्यामुळे त्यांनी तो वर घेतला आणि जन्मात पहिल्यांदा बुलेटवर बसूनच वळले. त्या आनंदात ते वळतच राहिले आणि मोनिकांनी बजावलेल्या कोपऱ्यात, मळीच्या काळ्या थारोळ्यात, सावकाश, जराही घाई न करता आडवे झाले. "काय लागलं न्हाई!" ते पडल्यापडल्या ओरडले. "ग्वाड हाय!"

मग माझी पाळी आली.

मी सांगतो, पहिले वळण मी अप्रतिम घेतले. वळण संपते तिथे पाहिले, आणि गाडी माझ्या नजरेमागून एखाद्या शहाण्या गाईसारखी आली. इतक्या वर्षांत मी दरीबद्दल लिहिले होते, वळणाबद्दल एक ओळही नाही, याचे मला वाईट वाटले. "वाऽ सर!" मोनिका ओरडल्या. दुसरे वळण आले, मंडपाला वळसा घालणारे. मी त्याच्या टोकाकडे नजर नेऊ लागलो आणि नजरेच्या वाटेत पहिली रांग आली, आणि पहिल्या रांगेच्या मध्यावर रेश्मा.

ती पुढे झुकून बसली होती. ओढणीचे टोक तिने दातांत धरले होते. मला वाटले होते, ती हसत असेल. ती हसत नव्हती. तिला मनापासून वाटत होते की मला हे जमावे. लग्नानंतर इतक्या लोकांत मी तिला असे पाहिलेच नव्हते, म्हणून मी जरा जास्त पाहिले.

गाडी नजरेमागून गेली.

"आणि सर आता महिला वर्गाकडे वळत आहेत!" राधाकृष्ण काका माइकवर उत्साहाने म्हणाले, आणि मग त्याच माइकवर, "अहो! अहो! ब्रेक!"

महिला वर्ग उठला. केशरबाईंनी या वयात एक खुर्ची ओलांडली. सगळी रांग दुभंगली आणि मधोमध फक्त रेश्मा उरली; ती उठलीच नाही. मी दोन्ही ब्रेक दाबले, गाडी फक्कीचा पांढरा ढग उडवत थांबली आणि थांबल्यावर, सगळे धोके संपल्यानंतर, केवळ उपचार म्हणून, डाव्या अंगावर कलंडली. मी रेश्माच्या चपलांशी होतो.

"लागलं का?" तिने विचारले.

"तू वाटेत का बसलीस?"

"मी वाटेत नव्हते. खुर्चीत होते."

मोनिका धापा टाकत आल्या. त्यांनी आधी माझे हातपाय हलवून पाहिले आणि मग तोच प्रश्न विचारला, "सर, बघत कुठं होतात?"

मी फक्कीकडे पाहिले.

"माझ्याकडे," रेश्मा म्हणाली.

स्टेजवर आदिनाथरावांना हेल्मेटमुळे काही ऐकू येत नव्हते. "काय झालं? काय म्हणतायत?" ते आतून घुमले.

"साहेब," राधाकृष्ण काकांनी माइक अधिक जवळ घेतला, "सर आपल्या सौभाग्यवतींकडे बघत होते!"

कारखान्याच्या थंड धुराड्यावर आपटून ते वाक्य एकदा परत आले. मग सबंध मैदानाने टाळ्या वाजवल्या. मळीने माखलेल्या रंगनाथांनी वाजवल्या, हातावर हात चिकटत असतानाही. मंडपाच्या कडेला उभा असलेला छगन तर मोबाईलवर चित्रण करत होता, म्हणजे पाथर्डीला मी पोचण्यापूर्वीच पोचलो होतो. माझ्या प्रतिष्ठेचे जे काही शिल्लक होते, ते मी गोळा केले नाही. ते फक्कीत मिसळून गेले होते.

रेश्मा मात्र परतीच्या प्रवासात जीपमध्ये काय करत होती, ते केशरबाईंनी सांगितले. नुसती खिडकीतून बाहेर बघून हसत होती म्हणे.

उरलेल्या रविवारी मी सराव केला. आता रांगेत कुणी बसलेले नव्हते, त्यामुळे तो बराच चांगला झाला. तरी लग्नाला निघालो त्या सकाळी मी तिला काही म्हटले नाही. अटीची आठवण करून देण्याचे धैर्य माझ्यात नव्हते. घाटाच्या तोंडाशी टपरी आली. खांद्यावर बोटाची टकटक झाली. मी थांबलो. ती उतरली.

"वहिनी, जागा धरलीय!" छगनने हाक दिली. मागच्या बाकावरचे दोघे मला ओळखून पाय सावरून बसले.

मी हेल्मेटच्या काचेआडून रस्त्याकडे पाहत राहिलो. पराभव जुना झाला की त्याची खुर्ची ठरलेली असते. तो येतो आणि तिच्यावर बसतो.

"छगनभाऊ, तुम्ही व्हा पुढं," रेश्मा म्हणाली. मग ती माझ्यासमोर आली आणि गाडीचा डावा आरसा तिने पार आकाशाकडे वळवला. मग उजवा.

"हे काय?"

"मी विचार केला," ती म्हणाली. "मी समोर असले की तुम्ही माझ्याकडे येता. घाटात मी जीपमध्ये समोर बसते, म्हणून दर वळणाला तुम्ही जीपच्या दारात येता. ते लोक उगाच पाय वर घेत नाहीत. मागं बसले तर दिसणारच नाही. मग पुढं बघाल."

"आणि दरी?"

"ती मी बघते. तुम्ही बघायची नाही. काय दिसलं ते सांगत जाईन."

ती मागे बसली. जीप पुढे निघून गेली; छगनने वळून वळून पाहिले. मी घाटात उतरलो.

पहिले वळण. मी त्याच्या टोकाकडे पाहिले. डाव्या हाताला ती भुरी पोकळी पसरली आहे, हे मला माझ्या सगळ्या कवितांनी एकदम सांगितले. "दरी आहे," रेश्मा माझ्या कानाशी म्हणाली, "नेहमीसारखीच आहे. काही नवीन नाही. पुढं बघा." मी पुढे पाहिले. दुसरे वळण. "कठड्यावर माकडं बसली आहेत. एकाच्या हातात कुणाचा तरी वडापाव आहे. पुढं." तिसऱ्याला तिने बहावा सांगितला: पिवळाधमक, झुंबरासारखा, एक फांदी पार रस्त्यावर आलेली. मी तो पाहिला नाही. पण मी आजवर पाहिलेल्या सगळ्या बहाव्यांहून तो सुंदर होता. वळणे येत राहिली, गाडी माझ्या नजरेमागून येत राहिली, आणि रेश्मा दरीतल्या शेतांबद्दल, तळ्याबद्दल, ढगांच्या सावल्यांबद्दल बोलत राहिली. शेवटच्या वळणानंतर करंजीची घरे दिसू लागली. मी गाडी कडेला घेतली.

"रेश्मा," मी म्हटले, "तू फार सुंदर पाहतेस."

मी वळून पाहिले. तिने डोळे घट्ट मिटलेले होते. दोन्ही मुठींत माझा शर्ट होता, बराचसा.

"घाट संपला?" तिने विचारले.

"संपला. पण मग तो बहावा? ती माकडं?"

"असतातच तिथं," डोळे न उघडता ती म्हणाली. "इतकी वर्षं जीपमधून बघतेच आहे की. चला, वेशीवर वाजंत्री थांबले असतील."